डावीकडून तिसरा कप्पा

"कप्पे हलवलेस तर मला सांगत जा हं, विधी."

गेल्या श्रावणात सासूबाई हे म्हणाल्या होत्या. मी "हो मम्मीजी" म्हटलं आणि सोडून दिलं. मनात म्हटलं, झालं, आता औषधाची बाटली इकडची तिकडे करायलाही परवानगी काढायची. लग्नाला चार वर्षं झालेल्या सुनेला असं वाटतंच. घरात आम्ही मारवाडी बोलतो, त्यामुळे त्यांचं वाक्य नेमकं असंच नव्हतं, पण अर्थ हाच होता आणि स्वर अगदी साधा होता. आदेश मी माझ्या पदरचा घातला.

ते कप्प्यांचे खोके मीच मागवलेले. माझा भाऊ हितेंद्र जळगावला प्लास्टिकच्या कारखान्यात आहे. त्यांच्याकडे नवा माल निघाला होता: आतल्या भिंतींना उभ्या खाचा, आणि खाचांत सरकवायच्या पट्ट्या. हवी तिथे पट्टी लावा, नको असेल तर उपसून काढा. एका खोक्याचे दोन कप्पे करा नाहीतर बारा. क्रेटला आमच्याकडे सगळे कॅरेटच म्हणतात. हितेंद्रचा फोन आला, "सहा कॅरेट पाठवतोय गं," तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि सासरे, पप्पाजी, शेजारी पेपर वाचत होते.

"सहा कॅरेट?" पेपर खाली आला. "जळगावात राहून असलं सोनं घेतो तुझा भाऊ? बावीसच्या खाली हात लावू नको म्हणावं!"

खोके आल्यावर आमच्या कामवाल्या बेबाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माय वं! केळीना कॅरेट घरमा कसाले?"

सगळे हसले. मी नाही हसले, कारण मला ते खोके खरंच हवे होते. मनन झाल्यापासून मी अशी झाले आहे. बटण, वाटाणा, पेनाचं टोपण, घड्याळाचा सेल, जे जे दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात मावेल, ते ते मला जमिनीवर पडलेलं दिसायचं, नसलं तरी दिसायचं. आठवड्याभरात घरातली प्रत्येक बारीक वस्तू कप्प्यात गेली आणि खोके उंच फळीवर गेले. औषधांच्या खोक्यात आठ कप्पे केले. डावीकडून पहिला रक्तदाबाच्या गोळ्यांचा, दुसरा मलमपट्टीचा, तिसरा मननच्या थेंबांचा, चौथा मम्मीजींच्या कानाच्या औषधाचा, आणि पुढे असेच.

मम्मीजींना ही व्यवस्था माझ्याहून जास्त आवडली. काहीही मागा, त्या हात वर करणार आणि नेमकी वस्तू काढून देणार. मी मैत्रिणींना फोनवर कौतुकाने सांगायचे, "आमच्या सासूबाई न बघता सगळं काढून देतात!"

हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, देव जाणे.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मला कॉलेजात रुजू व्हायचं होतं. रसायनशास्त्र, तासिका तत्त्वावर, अकरा ते चार. इतका वेळ मनन मम्मीजींजवळ राहणार होता. माझा नवरा जिनेश म्हणायचा, "मम्मीपेक्षा चांगलं कोण बघणार?" पटत होतं, तरीही दोन महिने मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. भात कोमट करतात का, गॅलरीचं दार लावतात का, झोपताना कुशीवर वळवतात का. एकही चूक सापडली नाही. मला एखादी सापडायला हवी होती, हेही खरं.

त्या सोमवारच्या आधीचा गुरुवार. मननला सर्दी झालेली. वाफेच्या यंत्राचा मास्क कुठल्याच कप्प्यात मावेना, म्हणून सकाळी मी औषधांच्या खोक्यातली पहिली पट्टी उपसली. पहिल्या दोन कप्प्यांचा एक मोठा कप्पा झाला. मास्क छान बसला. खोका फळीवर ठेवला आणि कामाला लागले. सांगायचं राहिलं, असं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर मम्मीजी पाण्याचा घोटही घेत नाहीत. मननला हा नियम नाही, पण त्याचे व्हिटॅमिनचे थेंबही उजेड आहे तोवर उरकायचे, हा त्यांचा आग्रह. हिवाळ्याकडे दिवस लहान होत जातो, तशी त्यांची संध्याकाळची घाई वाढते. त्या दिवशी नेमका कॉलेजातून वेळापत्रकासाठी फोन आला आणि मी गॅलरीत गेले. बोलता बोलता दर मिनिटाला खिडकीतून आत बघत होते. ती माझी सवयच.

आत दिवा लावलेला नव्हता. मम्मीजींनी खोका खाली घेतला, मांडीजवळ ठेवला. चेहरा खिडकीकडे, माझ्याकडेच, पण मी त्यांना दिसत नव्हते. उजव्या हाताचं बोट पट्ट्यांवरून चाललं होतं. एक. दोन. बोट दुसऱ्या पट्टीपलीकडे उतरलं आणि बाटली वर आली. टोपणाला ड्रॉपर असलेली, बुटकी, तपकिरी, हाताला मननच्या थेंबांच्या बाटलीसारखीच. मननने सवयीने तोंड उघडलं.

फोन तसाच हातात घेऊन मी आत गेले आणि त्यांचं मनगट धरलं. ओरडले नाही. ओरडले असते तर मनन दचकला असता, आणि ड्रॉपर त्याच्या ओठांपासून चार बोटांवर होता.

"काय गं?"

"मम्मीजी, ही बाटली कशाची?"

"याची. तिसऱ्या कप्प्यातली."

"तिसऱ्या कप्प्यात आज तुमचं कानाचं औषध आहे."

त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. मग माझ्या हातात दिली.

"पट्टी काढलीस?"

"सकाळी."

"मी तुला सांगितलं होतं." रागाचा लवलेश नव्हता त्यात. मनन त्यांच्या उजव्या गुडघ्याशी उभा राहून पदर ओढत होता आणि त्या समोर बघत त्याला शोधत होत्या. मी माझा हात कडेने हळूच त्यांच्या कानापर्यंत नेला, पुढे आणला. नाकाच्या रेषेत येईपर्यंत पापणी लवली नाही.

"कधीपासून, मम्मीजी?"

"दीड वर्ष असेल."

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"सोमवारी तू जाणार," त्या म्हणाल्या. "हे माहीत असतं, तर पोराला माझ्याजवळ ठेवलं असतंस? खरं सांग."

"नसतं ठेवलं."

"मग? कशाला सांगू?"

मी मननचे थेंब शोधून त्याला दिले, दिवा लावला, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशी सकाळची नऊची वेळ घेऊन टाकली.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली रोज थेंब घातले तर टिकेल. कडेचं जवळजवळ सगळं गेलंय, समोरचं उजेडात बरं दिसतं. मग त्यांनी विचारलं, "भाऊ-बहीण आहेत? त्यांचेही डोळे तपासून घ्या, हा आजार घराण्यात असतो."

रिक्षात बसल्यावर मम्मीजींनी माझा हात धरला.

"ताईनेच शिकवलं मला मोजायला."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, पिंपळनेरच्या उमरावबाई. दोघींचा रोज दुपारी फोन असतो. मला वाटायचं लोणच्या-पापडाच्या गप्पा.

"ती म्हणाली, डोळ्यांचं नाव काढू नकोस, धनकुंवर. आधी चुलीपासून उठवतील, मग पोरांपासून. बोटं आहेत ना? मोजायला शीक."

शनिवारी मी कामाला बसले. कोणी म्हणालं, नोकरी सोड. माझी आईच म्हणाली. मी म्हटलं, नाही. मला आता कुठे काय आहे ते माहीत झालं होतं, आणि माहीत असलेल्या गोष्टीची मला भीती वाटत नाही. विणायची सुई गॅसवर तापवून प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला मी खुणा डागल्या: पहिल्या पट्टीला एक, दुसऱ्या पट्टीला दोन, अशा. मग सगळ्या पट्ट्या खाचांत प्लास्टिकच्या गोंदाने कायमच्या चिकटवल्या. हितेंद्रला सांगितलं तर तो कळवळला, "अगं, सरकतात म्हणून तर महाग आहेत त्या!"

मननची सगळी औषधं माझ्या कपाटात, कुलपात गेली. ती मीच देणार, सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर. मम्मीजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "औषध तुझं. बाकी पोरगा माझा." मननच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले, म्हणजे तो कडेला गेला तरी कळेल. बेबाबाई दुपारी एक वाजता घरी जायच्या, त्यांना चारपर्यंत थांबायला सांगितलं. कारण सांगायला लागले तर त्यांनी मान हलवली.

"माले माहीत शे. बठ्ठा भांडा त्या हात लाईसन वळखतस."

"सगळी भांडी हात लावून ओळखतात? मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारं नही."

सोमवारी मी गेले. पहिल्या तासाला फळ्यावर समीकरणं लिहून दिली. चारला घरी आले तर घुंगरांचा आवाज जिन्यातूनच ऐकू येत होता आणि मम्मीजी बेबाबाईंना रागावत होत्या, "तू मध्ये नको बोलू, मला ऐकू दे तो कुठे आहे." आज सहा आठवडे झाले. त्या दिवसातून दोनदा डोळ्यांत थेंब घालून घेतात, उजेड असतानाच, आणि मला म्हणतात, "आता तू न विचारता काहीही हलव." मी हलवत नाही.

राहिल्या उमरावबाई. त्यांना मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा, "मला सगळं दिसतं, बेटा." मग त्यांचा मुलगा, चंदनभाऊ, यांच्याशी बोलले. ते मोठ्याने हसले.

"आईचे डोळे? अहो भाभी, दुकानातला कुठलाही डबा ती न बघता काढून देते!"

"तेच तर म्हणतेय मी," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही. मलाही दीड वर्ष कळलं नव्हतं, म्हणून त्यांना दोष देत नाही.

या रविवारी आम्ही जाणारच आहोत, गाडी सांगून ठेवलीय. पण तुम्ही त्याआधी साक्री-पिंपळनेरकडे गेलात, तर एवढं करा. बाजारात चंदनभाऊंचं किराणा दुकान विचारा. गल्ल्याशेजारी पाटावर, पांढऱ्या पातळातल्या, त्याच उमरावबाई. त्यांना जिरं मागा. त्या झटकन देतील. त्याने फसू नका. पैसे देताना हात समोरून नेऊ नका, कडेने न्या, हळूच, आणि त्यांच्या पापणीकडे बघा. लवली नाही, तर चंदनभाऊंना दुकानाबाहेर बोलवा आणि काय पाहिलंत ते सांगा. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.