पन्हाळ्याकडं तोंड

ऋत्या, हसू नकोस, आधी सगळं ऐक की! चहा गार झाला तरी चालंल, पन मधी तोंड घालायचं न्हाय.

पन्हाळ्याच्या मागं खाली ती वाडी हाय न्हवं, जिथं मोबाईलला रेंजच न्हाय, तिथं गेल्या म्हैन्यात मी आमच्या कंपनीचं नेट जोडलंतं. बनाआज्जीच्या घरावर. तिची नात अनुजा हितं कोल्हापुरात नर्स हाय. जर्मनीत नोकरी लागावी म्हणून दोन वर्सं तिथली भाषा शिकत हुती पोरगी. मुलाखत लॅपटॉपवर. हॉस्टेलला एका खोलीत सहाजणी, कालवा नुसता, म्हणून मुलाखत घरातनंच द्यायची, आन त्याच्यासाठीच तर हे नेट घेतलंतं.

स्लॅबवर पाण्याच्या टाकीला लागून मी लांबलचक पाईप उभा केला. त्याला डिश, डिशच्या पाठीला सिग्नल पकडायचा रेडिओ. डिशचं तोंड पन्हाळ्यावरच्या टॉवरकडं. जरा तोंड फिरलं की सिग्नल गेला, असलं नाजूक काम! खालनं आज्जी वरडली, "तोहिद, लेकरा, वाऱ्यानं पडंल की रं ते!"

मी काय म्हणालो म्हायतीय? "आज्जी, हत्ती बांध त्याला, हत्ती! हलायचा न्हाय!"

हे ध्यानात ठेवा.

तर पाडव्यादिवशी अकराच्या सुमाराला अनुजाचा फोन. खिंडीत पळत येऊन केलता तिनं. तिथं कसंबसं बोलणं हुतंय, पन व्हिडिओ चालत न्हाय. "तोहिद, नेट गेलंय. एकला मुलाखत हाय माझी." जर्मनीत कुठला आलाय पाडवा? मी गाडीला किक मारली ती थेट वाडीत. वळणावरनंच गुढी दिसली. अरं काय गुढी! अख्ख्या वाडीत उंच! हिरवं जरीचं लुगडं, कडुलिंबाचा ढाळा, वर तांब्या असा चमकतोय!

"आज्जी, लय भारी गुढी!" मी गाडीवरनंच वरडलो.

आज्जी लाजली. "तूच म्हणालास न्हवं हत्ती बांधा? म्हटलं, गुढी काय हत्तीएवढी जड हाय व्हय! आमचं ह्ये गेलं म्हणून गेल्या साली गुढीच उभारली न्हवती. औंदा म्हटलं उंच उभारू. शेजारच्या ज्ञानूनं बांधून दिली."

आन मी हसलो, गड्यांनो. हसलो आन घरात शिरलो! राउटर बघितला, अडॉप्टर बदलला, केबलचं टोक कापून नवं लावलं. अनुजा इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसलेली, तोंडातल्या तोंडात जर्मन पुटपुटतीय. मी म्हणतोय, "हुतंय, हुतंय, दोन मिन्टं." अशी दोन-दोन मिन्टं करत पावणेएक वाजला. मग डोस्क्यात उजेड पडला. पळत स्लॅबवर गेलो.

गुढीचा बांबू माझ्याच पाईपला बांधलेला! आन ज्ञानूमामाची गाठ म्हंजे तुमाला म्हायतीय, ट्रॉलीत ऊस बांधल्यागत. दोरी डिशच्या पाठीमागनं घेऊन अशी आवळलीती की डिशनं पन्हाळ्याकडं पाठच फिरवलीती.

"आज्जी, दोरी सोडाय लागंल!"

आज्जी खाली अंगणात. वर बघितलं तिनं. रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो. ती हळूच म्हणाली, "दोरी सोडली तर गुढी पडंल रं. पुजा झालीय. दिस कलायच्या आत गुढी पाडायची व्हय?"

खिडकीतनं अनुजाचा आवाज, "आज्जी, ऱ्हाऊ दे. तोहिद, गुढीला हात लावू नको."

आता बोला! घड्याळात एकाला सात मिन्टं कमी. ज्ञानूमामाला बोलवावं तर त्यो पावण्याकडं जेवायला. मी टाकीवर चढलो, दोन्ही हातांनी डिश धरली आन दोरीच्या उलट पिळली. पिळत पिळत पन्हाळ्याकडं आणली. खालनं अनुजा किंचाळली, "आलं! आलं नेट!"

आलं, पन हात सोडला की दोरी डिशला परत माघारी ओढणार. म्हंजे मी तिथंच. टाकीवर. चैताचं ऊन, तोंडावर लुगडं, आन कानाशी साखरेच्या गाठीची माळ. खाली अनुजा "गुटन टाग" म्हणाली. काय सांगू, मलाच भरून आलं!

धा मिन्टं झाली. ती भराभरा बोलतीय, मधी हसतीय, तिकडचे बी हसत्यात. मला एक शब्द कळंना, पन चांगलं चाललंय एवढं कळत हुतं. हातात मुंग्या आल्या. मग खऱ्याच मुंग्या आल्या की रं! गाठीच्या माळंला लागलेल्या, लाल. मनगटावरनं बाहीत, बाहीतनं मानंवर. मी दात खाऊन हुबा. आज्जी खालनं हात जोडून हुबी, गुढीला जोडलेत का मला, देव जाणं. "धर लेकरा, धर," एवढंच म्हणतीय.

मग एक मुंगी डोळ्यात गेली.

मी हात सोडला न्हाय, आईच्यान! नुसता डोळा मिटला, मान झटकली. तेवढ्यात डिश बोटभर सरकली.

"हॅलो? हॅलो?" खालनं.

मी परत पिळली. एक डोळा मिटलेला, टॉवर काय सापडंना. डावीकडं, उजवीकडं. "हॅलो? कॅन यू हिअर मी?" ती असं किती येळ म्हणत हुती.

नेट आलं तवा तिकडं कुणी न्हवतं. त्यांचा मेल आलता, बाकीचं मागनं मेलनंच कळवतो म्हणून. एवढंच.

माझ्या मानंला खोबरेल लावलं अनुजानं. दिस कलल्यावर ज्ञानूमामा आला, गुढी उतरवली, मी डिश जाग्यावर आवळली. फुल सिग्नल! घरात सगळी त्या लॅपटॉपकडं बघत बसलेली. निघताना आज्जीनं ती गाठीची माळ माझ्या हातात कोंबली. "माझंच चुकलं रं," म्हणाली. तिला हत्ती कुणी सांगितलता?

आठ दिस झाले. ऑफिसातल्या कम्प्युटरवर मला तिच्या घरचा सिग्नल दिसतोय. रोज सकाळी आल्या आल्या बघतोय. फुल हाय. मेल आला का, ते तेवढं दिसत न्हाय. आन इचारायला अनुजाला फोन लावावा, तर माझं बोटच फुडं हुत न्हाय.