दीपबाबांचा डबा

माघातल्या त्या सकाळी गंगेकाठच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणा दीपबाबांनी आमच्या शेजारच्या बिंदुमाधवकाकांच्या अंगणात एक डबा मांडला होता. डब्याला तारांनी जोडलेल्या दोन तांब्याच्या कांड्या, वर चिमुकला दिवा. दोन्ही कांड्या हातात धरायच्या. दिवा पेटला तर माणूस पुण्यवान, नाही पेटला तर पापी. यमाच्या दरबारातही एवढी झटपट सुनावणी होत नसेल!

"जय हो! दीप जल उठा, आत्मा शुद्ध!" बाबा गरजत होते.

काकांचा दिवा लख्ख पेटला. मग त्यांची होणारी सून, म्हणजे माझी भाची देवश्री, पुढे आली. दिवा ढिम्म.

"घोर पाप! यह बहू कुल को डुबो देगी!"

काकांनी तिथल्या तिथे लग्न मोडलं. देवश्रीचे डोळे भरून आले आणि नवरा मुलगा निनाद आपल्या चपलांकडे बघत उभा राहिला. माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं ते असल्या डब्यापुढे हात जोडायला?

मी नीट पाहिलं. दिवा पेटत होता तो गंगेतून थेट ओलेत्यानं आलेल्यांचा. सोवळ्यात अंग पुसायचं नाही, ही आमची जुनी रीत. देवश्री नुकतीच तापातून उठलेली, म्हणून घरीच आंघोळ करून कोरडी आली होती.

"काका, हात खसखसून पुसा आणि दहा मिनिटं उन्हात बसा."

"कशाला गं, वीणा?"

"पुण्य वाळतंय का बघू!"

काकांनी पुन्हा कांड्या धरल्या. दिवा गप्प! "अगंबाई, काका पापी!" कुणीतरी ओरडलं. मग मी त्यांचा ओला पंचा दोन्ही कांड्यांवर टाकला. दिवा लख्ख.

"घ्या बाबा, पंचा मोक्षाला निघाला!"

बाबा डबा उचलू लागले, पण मी आधीच झाकण उघडलं. आत छोटी बॅटरी आणि वाटाण्याएवढा एक ट्रान्झिस्टर.

"वस्तू विजेला अडवते, त्याला रोध म्हणतात," मी सांगितलं. "तांब्याचा रोध नावापुरता, कोरड्या कातडीचा प्रचंड. कातडी ओली झाली की तो झपाट्यानं उतरतो. मग हातातून जरा वीज जाते, ट्रान्झिस्टर तेवढ्या इशाऱ्यावर बॅटरीची वीज सोडून दिवा पेटवतो. घरच्या प्लगशी मात्र हा खेळ नको, तिथे ओला हात जिवावर बेतेल."

काका खाकरले. "मग लग्न ठरलंच म्हणायचं."

"थांबा, काका," देवश्री म्हणाली. "निनाद, मला पापी म्हणत होते तेव्हा तू गप्प का होतास?"

निनाद हात सदऱ्याला पुसू लागला. त्याचे तळवे घामानं ओलेचिंब झाले होते. कांड्या दिल्या असत्या तर त्या घटकेला तोच सगळ्यात पुण्यवान ठरला असता. म्हणून सांगते, माणूस पारखायचा तर डब्याला विचारू नका. त्यालाच विचारा, देवश्रीसारखं.