शामसुंदराचा रंग

मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत तीनेकशे माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. झोपाळ्यात तीन महिन्यांचं बाळ. डोक्याला मोरपीस, कमरेला पितांबर. आणि ओठ, नखं, तळवे चक्क निळे. बघणाऱ्याचे हात आपोआप जुळावेत इतके निळे.

शेजारी गोपाळनाथ महाराज माइक घेऊन उभे होते.

"आकाश निळं का? समुद्र निळा का? विचारा शास्त्रज्ञांना, गप्प बसतील! निळा हा अनंताचा रंग आहे. ते क्वांटम क्वांटम म्हणतात ना, ते हेच! बोला, बाळ शामसुंदर महाराज की..."

"जय!"

आकाश निळं का दिसतं, हे शाळेतल्या मुलांनाही सांगता येतं. पण महाराज शाळेत कुणाला विचारायला गेले नव्हते.

मी आभा. नाशिकला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात पर्यावरण तज्ज्ञ आहे. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि त्यात काय आहे ते तपासायचं, हे माझं काम. सायखेड्याच्या पलीकडच्या या वस्तीवर मी त्याचसाठी आले होते. विहीर मांडवाच्या मागेच होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या पाण्यात मला नायट्रेट सापडलं होतं, मर्यादेच्या चौपट. द्राक्षांना आणि कांद्याला घातलेलं खत, गोठ्यातलं मूत, संडासाचे शोषखड्डे, सगळं जमिनीतून झिरपतं आणि विहिरीत उतरतं. पाणी तरी कसं, स्वच्छ, थंडगार, गोड. आम्ही कठड्यावर लाल रंगात 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलं, अहवाल पाठवला आणि काम झालं असं समजून मी पुढच्या गावाला गेले.

आता त्या अक्षरांवर चुना फासला होता आणि वर भगव्या रंगात लिहिलं होतं, 'श्रीकृष्णतीर्थ'.

मी तशीच मांडवात परतले. बाळाची छाती भराभर उडत होती. मान एका बाजूला कलली होती. झोपाळ्याशी त्याची आजी, सावित्रीबाई, वाटी-चमचा घेऊन बसली होती.

"आजी, याला काय पाजता?"

"पावडरचं दूध. तीर्थात कालवून. महाराजांचा हुकूम हाय, देवाला माणसाचं दूध चालत नाय."

"पाणी उकळता?"

"लय उकळते. पार आटस्तवर."

उकळल्यानं जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं ते उरलेल्या पाण्यात वाढतच जातं.

"हा एकटाच का?"

"जुळी होती. बहीण पंधरवड्यापूर्वी गेली." म्हातारीनं माइककडे पाहून हात जोडले. "ती योगमाया होती. भावाला पोचवायला आली, काम झालं, आभाळात गेली."

"तीही निळी पडली होती?"

उत्तर मागून आलं, "होय. याच्याहून जास्त."

ती चैताली, बाळाची आई. चोवीस वर्षांची असेल. तिला खांबापाशी बसवलं होतं. झोपाळ्याला हात लावायची मुभा नव्हती.

"ताई, हा पण जाईल?"

मला गोड बोलता आलं असतं. "आज दवाखान्यात नेलं नाही तर जाईल," मी म्हणाले.

ती उठली, मोरपिसासकट बाळ उचललं आणि चालू लागली. मांडवात एकच कल्लोळ झाला. "देव पळवला!" कुणीतरी तिचा अंबाडा धरून ओढला. एका बाईनं पितांबर हिसकलं, प्रसाद म्हणून त्याच्या चिंध्या वाटून घेतल्या. महाराज माइकवर ओरडत होते, "जाऊ देऊ नका! वेशीबाहेर देवाचा कोप होतो!" बाळाचा बाप, गोरक्ष, आमच्या जीपला आडवा उभा राहिला.

"गोरक्षभाऊ, कोप झाला तर माझ्यावर होऊ दे," मी म्हणाले. "तुम्ही फक्त गाडीत बसा."

बाळानं तेवढ्यात मान टाकली. गोरक्ष बसला.

वाटेत चैताली सांगत होती. मुलं जन्मली तिच्या माहेरी, येवल्याला. चांगली गुलाबी होती. सव्वा महिन्यानं सासरी आणली, दोघांना अंगावरचं दूध पुरेना म्हणून पावडरचं सुरू झालं आणि पंधरा दिवसांत निळी पडली. मधे मामाच्या लग्नाला आठ दिवस येवल्याला नेली, तर दोघंही पुन्हा गुलाबी.

"मी महाराजांना सांगितलं. ते लय चिडले. म्हणाले, देव रुसला, आता याला वस्तीबाहेर काढायचं नाय."

म्हणजे महाराजाला कळलं होतं. रंग कुठल्या पाण्यातून येतो ते त्या माणसाला नेमकं कळलं होतं, म्हणूनच त्यानं वेस बंद केली.

नाशिकला डॉक्टर ओवेस यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढला आणि पांढऱ्या कागदावर टेकवला. शेजारी गोरक्षच्या बोटाचा थेंब. बापाचा लाल. बाळाचा चॉकलेटसारखा तपकिरी, हवेत ठेवला तरी तसाच.

"हा तुमचा कृष्ण," डॉक्टर म्हणाले. "नायट्रेटनं रक्त नासतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मोठ्यांचं शरीर ते सावरतं, तान्ह्याचं नाही. मूल आतल्या आत गुदमरतं. लोकांना तेज दिसतं."

त्यांनी शिरेतून औषध दिलं. ते औषधही गडद निळं. चैताली किंचाळली, "आणखी निळं नको!" पण तासाभरात ओठ उजळले, मग नखं, मग बाळ भुकेनं रडलं. चैतालीनं त्याला पदराखाली घेतलं.

चार दिवसांनी पोलिसांनी महाराजांना उचललं. त्यांच्या खोलीत पलंगाखाली बाटलीबंद पाण्याची खोकी निघाली. तीर्थाचा एक थेंब त्यांनी कधी प्यायला नव्हता. पोलिसांच्या जीपमध्ये चढताना मला म्हणाले, "मॅडम, विहिरीत मी काय टाकलं? मी फक्त अर्थ सांगितला."

त्याच मांडवात आम्ही वस्ती गोळा केली. मी विहिरीच्या पाण्यात तपासणीची पावडर टाकली. नळी लालभडक झाली. नाशिकहून आणलेल्या पाण्याची जेमतेम गुलाबी.

एक म्हातारा उठला. "आम्ही जन्मभर हेच पितो. आम्हाला काय झालं नाय."

"तुम्ही तीन महिन्यांचे असताना एवढं खत नव्हतं, बाबा. आणि तुम्ही आईचं दूध प्यायलात."

तो बसला. मग सावित्रीबाई उभ्या राहिल्या. "मंग पोरीला मारलं कुणी?"

विहिरीनं म्हणावं, महाराजांनी म्हणावं, की चुना फासलेला बघायला दोन वर्षं न फिरकलेल्या माझ्या कार्यालयानं म्हणावं, मी शब्द जुळवत होते. चैताली थांबली नाही.

"आत्याबाई, चमचा तुमच्या हातात होता. मी बघत बसले होते. दोघांचा रंग एकच होता. त्याला आपण देव म्हटलं. तिला गेल्यावर योगमाया म्हटलं, जिवंत होती तेव्हा आजारीसुद्धा म्हटलं नाही."

सावित्रीबाई खाली बसल्या. त्यांना उठवायला कुणी पुढे झालं नाही.

मला आणखी भाषण करायचं नाही. तुमच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या, आणि अहवाल मोठ्यानं वाचायला लावा, माझ्यासारख्यांना फायलीत ठेवू देऊ नका. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याला आईचं दूध द्या. आणि बाळाचे ओठ निळे दिसले, तर अर्थ सांगणाऱ्याला बोलावू नका. गाडी काढा.