ओढ्यावर तंग ओढणाऱ्याचं खोगीर

मी एक खोगीर बोलतोय. खाली घोडा, वर माणूस, आणि मधे मी. ही जागा काही मानाची नाही, हे मला ठाऊक आहे. कुठे नको त्या गोष्टी कोंबलेल्या दिसल्या की लोक खुशाल त्याला खोगीरभरती म्हणतात, तेव्हा मला राग येतो, कारण माझ्या पोटात चांगली पहिल्या प्रतीची लोकर आहे आणि ती दोनदा बदललेली आहे. ते असो. रडगाणं गायला मी बसलेलो नाही. या वसंतात आमच्या घरी जे झालं ते सांगायचं आहे.

एकतीस वर्षांपूर्वी एका शहरातल्या बोळात, एका चिडक्या कारागिरानं मला शिवलं. त्याची माप घेण्याची तऱ्हा वेगळी होती. गिऱ्हाइकाला तो लाकडी घोड्यावर बसवायचा आणि स्वतः समोर स्टूल टाकून गप्प बघत राहायचा. आमचे बाबा तेव्हा ऐन तिशीतले. दहा मिनिटं झाली तसे ते चुळबुळायला लागले.

"अजून किती वेळ?"

"तुमची ऐट उतरेपर्यंत," कारागीर म्हणाला. "ऐटीत बसलेल्या माणसाचं माप घेतलं की खोगीर चुकतं."

ऐट उतरल्यावर त्यानं माप घेतलं. पाय ठेवायच्या रिकिबी ज्या पट्ट्यांना लटकतात, त्या पट्ट्यांची बकलं चौथ्या भोकात घातली आणि बजावलं, हे तुमचं भोक, हे बदलायचं नाही. एकतीस वर्षांत ते बदललं नाही. तिथे कातड्यावर अशी घडी पडली आहे की आंधळ्यालाही हाताला लागावी.

आमचं घर डोंगराच्या पायथ्याला आहे. बैठं घर, पलीकडे तबेला, आणि दोन्हींच्या मधे आमची सामानाची खोली. भिंतीला लाकडी खुंट आहेत आणि प्रत्येक खुंटावर एक खोगीर. खोलीचं एक दार तबेल्यात उघडतं आणि दुसरं स्वयंपाकघरात, त्यामुळे घरातलं काही आमच्यापासून लपून राहत नाही. कामं वाटलेली आहेत. आई फोन घेते आणि कोण पाहुणे कधी येणार ते ठरवते. मुलगी, जिला सगळे ताई म्हणतात, तबेला बघते. सकाळी सगळी खोगिरं तीच चढवते. आणि बाबा पाहुण्यांना घोड्यांवरून डोंगरात फिरवून आणतात. सगळ्यांत पुढे त्यांचा घोडा हवालदार, हवालदाराच्या पाठीवर मी.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आमचं घोडं अडलं ते तिथेच. खोगीर घोड्याच्या पोटाखालून एका रुंद पट्ट्यानं बांधतात. त्याला तंग म्हणतात. तंग आवळायला घेतला की घोडा श्वास भरून पोट फुगवतो. आपल्याला वाटतं, बसला घट्ट. वीस मिनिटं चाललं की घोडा हवा सोडतो आणि खोगीर सैल पडतं. सगळेच घोडे थोडीफार लबाडी करतात, पण आमची एक करडी घोडी त्यात इतकी तयार आहे की तिचं नावच फुगी पडलं.

म्हणून आमच्याकडे ओढ्यावर थांबायची रीत आहे. ओढ्यापलीकडे चढ सुरू होतो. चढाआधी बाबा खाली उतरतात आणि एकेका घोड्यापाशी जातात. पाहुण्याला म्हणतात, "पाय जरा पुढे घ्या," खोगिराची झडप उचलतात आणि तंग दुसऱ्या भोकातून तिसऱ्या भोकात ओढतात. मग म्हणतात, "झालं." पहिल्याच वर्षी एक पाहुणा चढावर खोगिरासकट कलंडला होता आणि त्याचा खांदा मोडला होता. त्या दिवसापासून हे काम बाबांनी दुसऱ्या कोणाला करू दिलेलं नाही. ताई बारा वर्षांची असल्यापासून मागे लागली आहे, बाबा, एकदा मला ओढू द्या. उत्तर ठरलेलं असायचं. "ओढ्यावर हात माझा." ताई आता तिशीला आली तरी उत्तर तेच.

हिवाळाभर आमचं फिरणं बंद असतं आणि वसंत आला की सगळी कामं एकदम अंगावर येतात. घोड्यांचे दाट केस गळायला लागतात. ताई खरारा फिरवते, केसांचे पुंजके उडत जातात आणि आईच्या वाळत घातलेल्या चादरींवर बसतात. त्यावर आई जे बोलते ते दर वर्षी शब्दाला शब्द तेच असतं. कुरणात कोवळं गवत फुटतं, पण घोड्यांना एकदम सोडायचं नसतं, पोटं बिघडतात. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. नालबंद येतो, नवे नाल ठोकतो, गावभरच्या चहाड्या सांगून जातो. यंदा कोपऱ्यातल्या घोडीला शिंगरू झालं. दोन दिवस त्याला आपले पाय नक्की किती आहेत याचाच पत्ता लागत नव्हता.

आम्हा खोगिरांना याच दिवसांत साबण आणि तेल मिळतं. मला तेल लावायचं काम बाबांचं. ते दर वर्षी बोटाच्या टोकानं प्रत्येक टाक्यात तेल जिरवतात. यंदा त्यांनी सगळं तेल तळहातानं चोपडलं. बोटं वापरलीच नाहीत.

मग एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. बाबा लगाम हातात धरण्याऐवजी मनगटाला गुंडाळत होते. मला खुंटावरून काढताना दोन्ही कोपरांवर उचलत होते. चहाचा कप ओंजळीत धरत होते आणि कोणी पाहिलं की म्हणत, "हवेत अजून गारठा आहे." गारठा जाऊन तीन आठवडे झाले होते. बोटांचे सांधे सुजले होते, मूठ वळत नव्हती. एवढी वर्षं हा माणूस माझ्यावर बसला. त्याचं काय बिनसलं आहे हे मला कळणार नाही तर कोणाला कळणार? पण खोगिरानं करायचं काय? मी फार तर कुरकुरू शकतो. कुरकुरलो की मलाच तेल लावतात.

हंगामाचा पहिला रविवार आला. पाहुणे चार होते. एक वकील आणि त्यांची बायको, एक दातांचे डॉक्टर, आणि जन्मात घोड्यावर न बसलेल्या शाळेतल्या एक बाई. बाईंना फुगी दिली, कारण लबाड असली तरी ती पळत नाही.

"ही चावते का हो?" बाईंनी विचारलं.

"नाही. फक्त फसवते," ताई म्हणाली.

पुढे बाबा, मधे पाहुणे, सगळ्यांत मागे ताई, आणि तिच्यापुढेच फुगी. ओढ्यावर आम्ही थांबलो. बाबा उतरले. वकिलांच्या घोड्यापाशी गेले, "पाय जरा पुढे घ्या" म्हणाले, झडप उचलली आणि तंग ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला. बोटं पट्ट्यावरून घसरली. तिसऱ्यांदाही घसरली. वकील वर बसून पक्षी बघत होते. बाबांनी झडप खाली सोडली, घोड्याला थोपटलं आणि म्हणाले, "झालं."

पुढच्या तिघांजवळ त्यांनी प्रयत्नही केला नाही. झडप उचलायची, थोपटायचं, "झालं" म्हणायचं. माझाही तंग त्यांनी तसाच ठेवला. मागे ताई वाकून स्वतःच्या घोड्याचा तंग ओढत होती, तिला काही दिसलं नाही.

चढाच्या मध्यावर फुगीनं लांब उसासा टाकला आणि बाईंचं खोगीर बाईंना घेऊन उजवीकडे फिरलं. ताईनं घोड्यावरून उडी टाकली आणि खाली खांदा लावला. ती जवळ होती म्हणून निभावलं. बाईंचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही. त्या हसल्यासुद्धा. बाबा पांढरेफटक पडले होते.

"फुगीचे चाळे," ते म्हणाले. ताईनं फुगीचा तंग पुन्हा आवळला आणि आम्ही परत फिरलो.

खोगिरं उतरवताना ताई रोज शीळ घालते. त्या दिवशी वकिलांचं खोगीर काढताना तिची शीळ थांबली. सकाळी तिनंच तंग दुसऱ्या भोकात बांधला होता, तो दुसऱ्यातच होता. तिनं डॉक्टरांचं पाहिलं, वकिलांच्या बायकोचं पाहिलं, शेवटी माझं पाहिलं. सगळे दुसऱ्यात. मग मला खुंटावर ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. दार उघडं होतं.

"बाबा, ओढ्यावर तंग ओढले होते ना?"

"ओढले की."

"सगळे?"

"सगळे. तुला काय म्हणायचंय?"

ताई म्हणाली, "काही नाही. मग चूक माझी. सकाळी मीच सैल बांधले असणार. आई, बाईंचा फोन आला तर तसं सांग. आणि पुढच्या रविवारी मी येत नाही. ज्याला तंग बांधता येत नाही त्यानं पाहुण्यांबरोबर जायचं नाही, हा आपल्याकडचा नियम आहे."

"एवढं काय त्यात," बाबा म्हणाले.

"नियम तुमचाच आहे," ताई म्हणाली आणि शिंगराकडे निघून गेली.

खरं सांगतो, मला बाबांचा राग आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आला. मुलगी दोष आपल्या डोक्यावर घेते आहे आणि हा माणूस मूग गिळून बसला आहे. ताई बोलायची तशीच बोलत होती, कामं करत होती, फक्त शीळ बंद होती. बाबा सोमवारी बोलले नाहीत. मंगळवारीही नाही.

बुधवारी दुपारी बाईंचा फोन आला. त्यांना पुन्हा यायचं होतं. बाबा आमच्या खोलीत माझ्याजवळ बसले होते आणि आई पलीकडे फोनवर बोलत होती. "हो, आमच्या मुलीच्या हातून राहिलं. नाही, असं सहसा होत नाही तिच्याकडून. नाही, या रविवारी ती नसेल."

फोन ठेवून आई दारात आली. तिच्या हातात बरणी होती.

"अहो, हिवाळाभर झाकणं मी उघडतेय," ती म्हणाली. "मला काय ते विचारायचं नाही. पण पोरीच्या नावावर हे किती दिवस राहू द्यायचं, ते तुम्हीच ठरवा." आणि ती गेली.

बाबा उठले. त्यांनी माझ्या डाव्या रिकिबीचा पट्टा ओढून घेतला आणि चौथ्या भोकातलं बकल काढायला लागले. मला काही उमजेना. अंगठ्यानं झालं नाही, मग मनगटानं रेटलं, मग दातांत धरलं. एकतीस वर्षांचं बकल ते, कशाला निघतंय! शेवटी कपाळावर घाम आला तेव्हा ते थांबले आणि त्यांनी हाक मारली, "ताई, जरा इकडे ये."

ती हात पुसत आली.

"हे बकल काढ. मला निघत नाही."

ताईनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्यांनी हात लपवले नाहीत, पुढेच धरले. तिनं बकल काढलं.

"कुठल्या भोकात घालू?"

"तुझ्या पायाला लागेल त्यात. रविवारी पुढे तू. हवालदार घे, हे खोगीर घे." मग म्हणाले, "ओढ्यावर मी एकही तंग ओढला नव्हता. ओढला म्हणालो ते खोटं. बाईंना फोन करून मीच सांगतो."

ताईनं दोन्ही पट्टे दोन भोकं वर घेतले. डोळे भरले होते तिचे, पण बोलली एवढंच, "आणि तुम्ही?"

"मी मागे. फुगीवर. तिला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

रविवारी माझ्यावर पहिल्यांदा दुसरं कोणी बसलं. ताई हलकी आहे, जरा पुढे झुकून बसते. ओढ्यावर आम्ही थांबलो. ताई उतरली. शाळेतल्या बाई, त्यांच्यामागे त्यांच्या दोन मैत्रिणी, एकेकीजवळ जाऊन तिनं तंग तिसऱ्या भोकात ओढला. शेवटी ती फुगीजवळ गेली. बाबा समोर बघत बसले होते.

"पाय जरा पुढे घ्या," ताई म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसंच.

बाबांनी पाय पुढे घेतला. तिनं झडप उचलली, ओढलं, फुगीची हवा निघाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"झालं."

बाबांनी वाकून भोकं मोजली. एक, दोन, तीन. मग सरळ बसले आणि म्हणाले, "चला."

हल्ली मी ताईचा आहे. मला तेल तीच लावते, आणि लावताना शीळ घालते. चौथ्या भोकापाशी पडलेली घडी गेलेली नाही, जायचीही नाही. तिथे ती थोडं जास्त तेल लावते. माझं आता वय झालं, आणखी किती वसंत निभतील सांगता येत नाही. तुम्ही कधी आमच्याकडे डोंगरात फिरायला आलात तर हवालदाराला थोपटा, ओढ्यावर कोणी पाय पुढे घ्या म्हणालं तर निमूट घ्या. फक्त फुगी मागू नका. तिच्यावर बसणारा माणूस ठरलेला आहे.