शिळेखालचा न्याय

"माझ्या मनात पाप असेल, तर फुटू दे ही छाती!" असं ओरडून बंधू इसिद्रो हा धर्मप्रचारक भर बाजारात जमिनीवर आडवा झाला.

चार गड्यांनी पांढऱ्या दगडाची जाडजूड शिळा त्याच्या छातीवर ठेवली. बायकांनी डोळे झाकले. क्लेतो नावाच्या त्याच्या धिप्पाड चेल्याने घण डोक्यावर नेला आणि सगळी ताकद लावून हाणला. शिळेचे दोन तुकडे झाले. धूळ बसली, तेव्हा बंधू इसिद्रो अंग झटकत उभा होता. साधं खरचटलंही नव्हतं!

"बघा, बघा! दगड फुटला, भक्त नाही फुटला!"

युराक्रुमी हे आमचं खाणींचं गाव. घणाचा घाव काय करतो, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणूनच सगळा बाजार गुडघ्यांवर आला. फक्त दोन माणसं उभी राहिली. एक मी, इथल्या दवाखान्याचा डॉक्टर. दुसरा हिलारियो, बटाट्याची शेती करणारा.

"हात्तिच्या! सर्कशीत असतोस का रे बाबा?" हिलारियो खो खो हसला.

बंधू इसिद्रोही हसला. पण त्याचे डोळे हसत नव्हते.

त्याच सुमारास गावातला लामांचा, म्हणजे लोकरीसाठी पाळलेल्या उंटासारख्या लहान जनावरांचा, कळप चोरीला गेला होता. पुढच्या रविवारी बंधूने जाहीर केलं, "चोर तुमच्यातच आहे. शिळाच त्याला शोधेल. दोषी ठरेल त्याची जमीन देवाच्या कामाला लागेल." आणि त्याचं बोट सरळ हिलारियोकडे वळलं.

"मी?" हिलारियो म्हणाला. "बरं, आटपा लवकर. बटाटे काढायचे राहिलेत माझे."

मी आडवा गेलो, तर दोघांनी मला मागे खेचलं. मग बंधूने हात वर केला. "थांबा! मला भली मोठी शिळा चालते, पण हा बिचारा संसारी माणूस आहे. याला पातळ फरशी द्या. देवाची दया म्हणतात ती हीच!"

लोकांचे डोळे भरून आले. तीन बोटं जाडीची फरशी आली. हिलारियोचे हातपाय गावकऱ्यांनीच धरले. क्लेतोने घण हाणला.

तो आवाज मी विसरू शकत नाही. मी धावलो. फरशीचे तुकडे बाजूला केले, तर बरगड्या आत घुसल्या होत्या आणि तोंडातून रक्ताचा फेस येत होता. बायको फोर्तुनाता त्याचं डोकं मांडीवर घेऊन "अहो, बोला ना, अहो," म्हणत होती. तो बोलला नाही.

मग कुणीतरी किंचाळलं, "चोर!" आणि प्रेतावर दगड पडू लागले. संध्याकाळपर्यंत हिलारियोचं घर जळून गेलं. मी चौकीला निरोप धाडला, पण घाटातला रस्ता दरडीने बंद होता, पोलिसांची गाडी येऊ शकत नव्हती.

नेलिदाबाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्या दिवशी त्या परगावी होत्या. दरडीवरून पायी चढून परत आल्या आणि थेट माझ्याकडे आल्या.

"बाई, जाड शिळेखाली एक जण वाचतो आणि पातळ फरशीखाली दुसरा मरतो. कुणाला सांगू हे?" मी म्हणालो.

"जाड होती म्हणूनच तो वाचला, डॉक्टर. आणि हिलारियोला मारायचंच होतं, म्हणून पातळ."

पुढच्या रविवारी फोर्तुनाताची पाळी आली. नवऱ्याच्या चोरीत तिचाही हात आहे म्हणे! केसांना धरून तिला फरफटत आणलं. ओठ फुटलेला, शाल फाटलेली. पातळ फरशी तयार होती.

"थांबा!" बाई गर्दी फाडत पुढे आल्या. मागोमाग भोपळ्यांची पोती घेऊन मी.

"बाई, तुम्ही शाळा सांभाळा," बंधू गुरकावला.

"शाळाच भरवतेय. आधी भोपळ्यांचा न्याय करा, मग बाईचा."

लोक हसले, आणि हसले म्हणून थांबले. बाईंनी सारख्या आकाराचे भोपळे दोन जागी मांडले. एकीकडे पातळ फरशी ठेवली, दुसरीकडे जाड शिळा. "हं क्लेतो, मार. दोन्हीकडे सारखाच."

पातळ फरशी फुटली आणि खालचे भोपळे फुटून गर पार लोकांच्या तोंडावर उडाला. जाड शिळा तडकली. खालचे भोपळे जसेच्या तसे.

"या भोपळ्यांनी लामा चोरल्या होत्या का?" बाईंनी विचारलं.

"भोपळ्याला आत्मा नसतो!" बंधू ओरडला.

"मला आत्मा आहे ना?" असं म्हणून बाई स्वतःच जमिनीवर झोपल्या. "दुसरी जाड शिळा ठेवा. आणि सगळे ऐका, लामा मी चोरल्या! देवाशपथ मी चोरल्या! आता हाण, क्लेतो."

क्लेतोने घण हाणला. शिळा दुभंगली. बाई खोकत, बरगडी धरून उठल्या. नंतर पाहिलं तर बरगडीला बारीक चीर होती.

"मी खोटी शपथ घेतली, तरी जिवंत आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "अहो, तुम्ही खाणीतली माणसं! रिकामी ढकलगाडी लाथेने पळते, दगडाने भरलेली जागची हलत नाही. जितकं वजन जास्त, तितकी वस्तू हलायला नाखूश. घणाचा जोर जड शिळेला जेमतेम हलवतो, थोडा तिला फोडण्यात संपतो, उरलेला सगळ्या छातीवर पसरतो. पातळ फरशी हलकी. ती घणासकट छातीत घुसते. याला देव लागत नाही, हिशेबी खुनी लागतो."

फोर्तुनाता पहिल्यांदाच बोलली. "बंधू, आता तुम्ही झोपा. पातळ फरशीखाली."

बंधू इसिद्रो पळाला. फार लांब नाही. गर्दीने त्याला आपटलं, लाथाडलं, नाक फोडलं आणि दुसऱ्या पातळ फरशीखाली दाबून धरलं. कुणीतरी घण फोर्तुनाताच्या हाती दिला. "घे बाई, तुझा हक्क आहे!"

"नको गं," नेलिदाबाई कळवळल्या. "या दगडाला न्यायाधीश करू नकोस पुन्हा."

फोर्तुनाताने घण उचलला. बंधू डुकरासारखा ओरडत होता, "क्लेतोने केलं, मी नाही! क्लेतोने!" मग घण खाली टाकून ती गर्दीकडे वळली.

"माझ्या नवऱ्याचे पाय कुणी धरले होते?"

बंधूला धरणारे हात एकेक करून सुटले.

रस्ता मोकळा झाल्यावर, तोवर कोंडून ठेवलेल्या बंधूला आणि क्लेतोला पोलीस घेऊन गेले. लामा कुणी चोरल्या ते अजून कळलेलं नाही. ते शोधायचं तर पुरावा लागतो, वेळ लागतो. शिळेने दोन्हींचा त्रास वाचवला होता, म्हणून ती आम्हाला आवडली होती.

माणसांनो, चमत्कार दिसला की गुडघे टेकण्याआधी तोंड उघडा. कसं झालं, ते विचारा. दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्या वस्तूवर करून बघा म्हणा. उत्तर देणारा चिडला, तर समजा की कुणाचा तरी जीव धोक्यात आहे. आणि कुणी तुम्हाला एखाद्या माणसाचे हातपाय धरायला सांगितलं, तर आधी सोडा, मग विचार करा.