फिन्झीच्या रेकॉर्डवरचा ओरखडा

ठकी आठ महिन्यांची झाली तरी आवाजाकडे वळून बघत नव्हती. मी तिच्या पाठीमागे चमचे पाडले, ताटल्या आपटल्या. ती आपली पायाचा अंगठा तोंडात घालण्यात गुंग. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर्दीमुळे नीट कळत नाही. सोमवारी पुन्हा तपासू." तोवर मी किती चमचे पाडले ते खालच्या मजल्यावर विचारा.

सासरे निवांत. जन्मभर त्यांनी लोकांचे पियानो सुरात लावले. आता रोज सकाळी आठला नातीला खुर्चीशेजारी सतरंजीवर बसवून ते रेकॉर्ड लावतात. तीही फिन्झी नावाच्या इंग्रज संगीतकाराची.

"इंग्रज म्हटलं की लोक एल्गारपाशीच थांबतात. ह्या बिचाऱ्याला कोण विचारतं?"

"बाबा, तुमच्या बिचाऱ्यानं मला ऑफिसात जांभया येतात," नवरा म्हणाला.

"येऊ देत. त्याला कुठं टाळ्या हव्यात? पियानो एकटाच बोलायला लागतो, व्हायोलिनं मागून हळूच येतात. घाई नाही कशाची."

मधे एका ओरखड्यावर सुई अडकायची. तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा. मग सासरे "चल गं पुढं" म्हणत बोटानं सुई ढकलायचे. रोज, न चुकता.

शनिवारी त्यांच्या दुकानदार मित्रानं त्याच रेकॉर्डची नवीकोरी प्रत आणून दिली. ती लावून सासरे चहा टाकायला गेले. मी चमचा घेऊन ठकीच्या मागे बसले होते. ती ओरखड्याची जागा आली आणि संगीत न अडखळता पुढे निघून गेलं.

ठकीच्या तोंडातून अंगठा सुटला. तिनं मान वळवून रेकॉर्ड प्लेअरकडे पाहिलं, मग आजोबांच्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि "अँ?" केलं. चक्क जाब विचारल्यासारखं.

मी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली. त्याच जागी तीच मान, तोच जाब. तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा सासरे कप घेऊन दारात उभे.

"अगं, तुझं चाललंय काय? पुढचं ऐकू दे की तिला!"

"बाबा, तिला ऐकू येतंय," मी म्हणाले आणि रडायलाच लागले.

"मग काय इतके दिवस मी भिंतीला ऐकवत होतो?" असं म्हणाले खरे, पण कप ठेवताना बशीत चहा सांडला.

सोमवारी जायचं आहेच. चमचा मात्र मी खणात ठेवला आणि पहिल्यांदाच ती बाजू पुरी ऐकली. शेवट फार हळू आहे. मी कान देऊन बसले. ठकी माझ्याआधीपासून बसली होती.