काचेच्या नळ्यांचं घर

ताईला ते घर पसंत पडलं ते मागच्या खोलीमुळे.

आम्ही दोघी बहिणी पाळणाघर चालवतो. सोळा मुलं, त्यातलं सगळ्यात मोठं पावणेचार वर्षांचं. भाड्याच्या दोन खोल्यांत नऊ वर्षं काढली, मग घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या आणि ताईने ठरवलं, आता जागा स्वतःचीच घ्यायची. तीन महिने आम्ही घरं बघत हिंडलो. एका घराला अंगण नव्हतं, दुसऱ्याच्या दारावरून ट्रक जायचे, तिसऱ्याचा जिना असा उभा की मलाच भोवळ आली. मग हे मिळालं. बैठं घर, पुढे तीन खोल्या आणि मागे ही एक लांबलचक खोली. लाकडी फळ्यांची जमीन, दुपारभर ऊन देणाऱ्या खिडक्या. मुलांना झोपवायला याहून चांगली जागा शोधूनही सापडली नसती.

घर विकणारे काका निवृत्त बसचालक होते. काकू घरीच शिवणकाम करायच्या, त्याच मागच्या खोलीत. शिलाईचं मशीन, कापडाचे ढीग, एका बाजूला इस्त्रीचं टेबल. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी हे घर घेतलं होतं, आणि आता दोघांना झेपत नाही म्हणून छोट्या जागेत जायचं होतं.

ताई त्या खोलीत गेली आणि चक्क जमिनीवर आडवी झाली.

"अगं, काय करतेयस?" मी ओशाळून म्हणाले.

"दोन वर्षांच्या मुलाला इथून काय दिसतं ते बघतेय."

"उठा तिथून!" काकू दारातून कडाडल्या. "टाचण्या पडलेल्या असतात! लोकांच्या घरात असं लोळतात का?"

ताई लगबगीने उठली. पुढच्या खोलीत काकू आमच्यासाठी चहा घेऊन आल्या तेव्हा कपबश्या इतक्या खडखडत होत्या, की मी न राहवून हात पुढे केला. ते त्यांना आवडलं नाही. त्यांनी ट्रे हिसका देऊन बाजूला घेतला, अर्धा चहा सांडला, आणि त्यांनी ट्रे टेबलावर आदळला.

"मनावर घेऊ नका," काका म्हणाले. "हिचा पारा सकाळपासून चढलेलाच असतो." मग बायकोकडे वळून, थकलेल्या आवाजात, "जा, मागे जाऊन बस जरा. डोकं शांत होऊ दे."

काकू गेल्या. परतताना मी ताईला म्हणाले, "घर फर्स्ट क्लास, बाई मात्र खाष्ट." ताई हसली. आम्ही दोघीही हसलो, हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

खरं तर मी तेव्हाच होकार देऊन टाकला असता. पण ताई पडली शंकेखोर. तिने एक तपासनीस गाठला. जागा घेण्याआधी तिथली माती, पाणी, हवा, छप्पर, जुना रंग, सगळं तपासून देणारा.

"घर घेतोय की घराची रक्त-लघवी तपासून घेतोय?" मी विचारलं.

"आपली मुलं जमिनीवर रांगतात," ती म्हणाली. "बोटं तोंडात घालतात. त्या जमिनीत काय आहे, हे मला कळलंच पाहिजे."

तपासनीस किडकिडीत होता आणि बोलायला महाग. पहिले चार दिवस तो घराकडे फिरकलाच नाही. पालिकेच्या कार्यालयात जुने नकाशे आणि परवान्यांची पुस्तकं चाळत बसला, मग गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून आला. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला.

"काकांच्या आधीच्या मालकाने मागच्या खोलीसाठी वेगळा परवाना काढला होता. चाळीस वर्षांपूर्वीचा. त्यात फक्त 'काचेची उपकरणे' एवढंच लिहिलंय. समोरच्या आजोबांना आठवतंय की तिथे आठ-दहा माणसं बसून ताप मोजायच्या काचेच्या नळ्या बनवायची."

"थर्मामीटर?" ताईने विचारलं.

"हो. मी येताना एक यंत्र जास्तीचं आणतो."

तपासणीच्या दिवशी तो सकाळी दहाला आला. अंगणात गिरमिट फिरवून माती काढली, नळाचं पाणी बाटलीत भरलं, खिडकीच्या चौकटीचा रंग खरवडून पाकिटात घातला, शिडीवर चढून छपराचे पत्रे पाहिले. काका हात मागे बांधून त्याच्या पाठोपाठ फिरत होते.

"दातही मोजून घ्या आता घराचे," ते म्हणाले. "भाव पाडायची ही नवी तऱ्हा दिसते."

"काका, भावाचा प्रश्नच नाही हो," ताई म्हणाली. पण त्यांनी तोंड फिरवलं.

मागच्या खोलीत काकू इस्त्री करत होत्या. तपासनिसाने पिशवीतून ते जास्तीचं यंत्र काढलं. छोट्या रेडिओएवढं, पुढे सोंडेसारखी नळी. तो दारात उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला आणि नळी जमिनीलगत धरून हळूहळू सरकू लागला. यंत्राच्या काचेवरचा आकडा वाढायला लागला. तो थांबला, आकडा बघितला, उठला आणि अंगणात गेला. बाहेर आकडा शून्यावर आला. तो परत आत आला. आकडा पुन्हा चढला. असं त्याने तीनदा केलं. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा मला वाटलं, यंत्र बिघडलं असावं. मग मी त्याचा चेहरा पाहिला.

"काकू," तो दारातून म्हणाला, "इस्त्री बंद करा. आत्ता. आणि इकडे या."

"का? अजून चार परकर राहिलेत."

"आधी बंद करा."

त्याने हातमोजे चढवले, तोंडावर मास्क लावला, इस्त्रीच्या टेबलापाशी गेला आणि तिथली एक सैल फळी पेचकसाने उचलली. आम्ही चौघं दारातून वाकून पाहत होतो. फळीखालच्या काळ्या धुळीत चंदेरी थेंब होते. काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे. फळी हलली तसे ते एकमेकांकडे घरंगळले आणि दोनाचा एक झाला.

"पारा," तपासनीस म्हणाला.

मग काकू पुढे वाकल्या. "हे? हे तर मला फटींमध्ये नेहमी दिसतं. पोशाखावरची चमकी सांडली असेल म्हणून वेचायला जायची. हातालाच लागायचं नाही मेलं."

"आणि मग?"

"मग काय, झाडून टाकायची."

तपासनिसाने फळी जपून खाली ठेवली, सगळ्या खिडक्या उघडल्या, बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. जाता जाता पुढच्या खोल्यांत यंत्र फिरवून त्याने आम्हाला अंगणात नेलं. तिथे उभ्याउभ्या त्याने सांगितलं, पाऱ्याची वाफ होते, तिला वास नसतो, रंग नसतो. खोली उबदार असेल तर जास्त होते. झाडू मारला की थेंब फुटतात आणि आणखी पसरतात. राहत्या घरात चालतं त्याच्या साठपट आकडा त्या टेबलापाशी आला होता. पुढच्या खोल्यांत कमी होता, पण होता.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या पर्समध्ये त्या खोलीचा तिने काढलेला नकाशा होता, सोळा गाद्या कशा घालायच्या त्याचा. मला एकदम तिचं आडवं होणं आठवलं.

"खोटं आहे सगळं!" काका ओरडले. "बावीस वर्षं राहतोय आम्ही इथे! आम्हाला काय झालं?"

तपासनीस त्यांच्याकडे वळलाच नाही. तो काकूंच्या हातांकडे बघत होता.

"काकू, हात कधीपासून थरथरतात?"

"झाली की सात-आठ वर्षं. वयाने होतं म्हणाले डॉक्टर."

"झोप?"

"कुठली झोप."

"हिरड्यांतून रक्त येतं? गोष्टी विसरता?"

काकूंनी नुसती मान हलवली.

"आणि राग?" त्याने जरा अडखळत विचारलं. "उगाचच, एकदम येतो का? आणि नंतर माणसांसमोर जायचीच लाज वाटते, असं?"

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी डॉक्टर नाही, काकू. मला या दोघींनी बोलावलंय, माझा अहवालही त्यांनाच द्यायचाय. पण हे तुम्हाला न सांगता मला इथून जाता येणार नाही. आजच दवाखान्यात जा. पाऱ्याची तपासणी करायची आहे असं सांगा. आणि या घरात आज झोपू नका."

काका अंगणातल्या पायरीवर बसले. आधार शोधत, एका हाताने भिंत धरून. मग कोणाकडेही न बघता म्हणाले,

"ही चिडली की मी हिला तिथेच पाठवायचो."

ताईने माझा हात घट्ट पकडला.

"प्रत्येक वेळी," ते म्हणाले. "डोकं शांत कर म्हणायचो आणि दार लावून घ्यायचो."

काकू उभ्याच होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. थरथरणारे दोन्ही हात त्यांनी डोळ्यांसमोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले, जणू दुसऱ्या कोणाचे आहेत. आपल्या बोलण्यात माणूस चिडला की पारा चढला म्हणतात. त्या दिवसानंतर हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही.

आम्हीच त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेलं, आणि समोरच्या आजोबांनी दोघांना तूर्त आपल्याकडे ठेवून घेतलं. अहवाल नऊ दिवसांनी आला. काकूंच्या अंगात पारा होता, भरपूर होता. काकांच्याही होता, पण त्यांचं आयुष्य बसच्या स्टिअरिंगमागे गेलं आणि निवृत्तीनंतर ओट्यावर, म्हणून थोडक्यात निभावलं. आरोग्य खात्याने घराला सील ठोकलं. नळ्या बनवणारा मालक कधीच वारला होता. ज्याला जाब विचारावा असं कोणी शिल्लकच नव्हतं, आणि काकांना तेच सगळ्यात जड गेलं.

दोन आठवड्यांनी काका आमच्या पाळणाघरात आले. मुलं नुकतीच झोपली होती. ते दारातच उभं राहून म्हणाले, "एक काम होतं, पोरी. आमच्या लेकीला फोन करायचाय. पाच वर्षं झाली, ती येत नाही. आईने एकदा तिच्या मुलाला सगळ्यांसमोर फटकावलं, दूध सांडलं म्हणून. तेव्हापासून पाऊल नाही ठेवलं तिने. मला सांगता येणार नाही. तू बोल."

मी बाहेर जिन्यात जाऊन बोलले. कधी न पाहिलेल्या बाईला पारा, फळ्या, इस्त्री असं सगळं सांगताना माझं मलाच ते भलतंच वाटत होतं. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणाले. मग ती म्हणाली,

"म्हणजे आई तशी नव्हती?"

मी फोन काकांच्या हातात दिला आणि आत गेले.

लेक दुसऱ्याच दिवशी आली. तिने दोघांना आपल्या घराजवळ दोन खोल्या बघून दिल्या. औषधं चालू झाली. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की सगळं भरून येणार नाही, आणि नाहीच आलं. पण सहा-सात महिन्यांनी काकूंना झोप लागू लागली. सुई ओवता येत नाही अजून, पण कप धरता येतो.

आम्ही त्यांना भेटायला जातो. गेल्या खेपेला काकांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला आणि काकू त्यांच्यावर अशा काही बरसल्या की लेक घाबरून स्वयंपाकघरातून धावत आली. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. काकूंनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या,

"असे काय बघताय? हा माझा स्वतःचा राग आहे. ओला टॉवेल पलंगावर टाकतात का?"

काका निमूटपणे उठले आणि टॉवेल दोरीवर वाळत घालून आले. लेक हसायला लागली, हसता हसता तिला रडू फुटलं, आणि काकूंनी तिला जवळ घेतलं.

घरमालकाकडून मुदत वाढवून घेत घेत आम्हाला जागा मिळाली ती वर्षाने, एका बंद पडलेल्या वाचनालयाची. तपासनिसाला आम्ही पहिल्याच दिवशी बोलावलं. त्याने सहा दिवस लावले. मी एकदाही घाई केली नाही.